शाळेची सुट्टी आणि डिस्नेची रांग

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये फोन आला. "अगं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी आहे. शनिवार-रविवार जोडूनच येतोय. फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघून यावं म्हणते. थँक्सगिव्हिंग लांब, नाताळ त्याहून लांब. तेव्हा कोण असणार तिकडे?"

मी म्हटलं, "ताई, तू असणार. आणि तुझी सगळी न्यू जर्सी असणार."

ते दोन दिवस न्यू जर्सीतल्या शिक्षक संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाचे असतात. अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं आणि त्यासाठी राज्यातल्या बहुतेक सरकारी शाळा बंद राहतात. बाकीच्या अमेरिकेत मुलं वर्गात बसलेली असतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या घराघरांत एकाच वेळी तोच विचार होतो: आता जाऊन येऊ, तिकडे कोणी नसेल. डिस्नेला नेहमी जाणाऱ्या लोकांनी या दिवसांना 'जर्सी वीक' असं नावच देऊन टाकलंय.

थीम पार्कमधली गर्दी समजून घ्यायची तर ताईच्या या फोनपासूनच सुरुवात करावी. गर्दी म्हटली की आपण माणसं मोजायला लागतो. मोजायला हवं ते वेगळंच. कोणाची सुट्टी कोणाच्या सुट्टीवर येऊन पडते, आणि त्या वेळी राइड तासाला किती लोकांना आत घेऊ शकते, हे बघायचं. या दोन गोष्टी हाती आल्या की नोव्हेंबर ते जानेवारी या काळातले बहुतेक चढउतार उलगडतात.

ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. साधारण १०० चौरस किलोमीटर जागा आणि तिच्यात चार मुख्य पार्क: १९७१ चं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चं अ‍ॅनिमल किंगडम. रोज किती लोक येतात हे कंपनी सांगत नाही, पण या व्यवसायातल्या जाणकारांच्या अंदाजानुसार २०१९ साली एकट्या मॅजिक किंगडममध्ये सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले. दिवसाला सरासरी ५७ हजार. रोज खरोखर ५७ हजारच आले असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण काही दिवस सरासरीच्या बरेच खाली राहतात आणि काही दिवस तिला कुठल्या कुठे मागे टाकतात.

डिस्नेच्या लोकांना हे पहिल्यापासून माहीत होतं. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड त्यांनी १७ जुलै १९५५ ला ऐन उन्हाळी सुट्टीत उघडलं. त्या दिवशी खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊनही लोक शिरले आणि आतली सगळी व्यवस्था कोलमडली. तो धडा लक्षात ठेवून फ्लोरिडाच्या पार्कसाठी मुद्दाम १ ऑक्टोबर १९७१ ही तारीख निवडली. शाळा चालू, सण नाही, पर्यटनाचा हंगाम नाही. पहिल्या दिवशी जेमतेम १० हजार लोक आले. कर्मचाऱ्यांचा हात बसायला वेळ मिळाला. पुढे आठ आठवड्यांनी थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला घराघरांत साजरा होणारा मोठा सण, आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच पार्कच्या दिशेने गाड्यांच्या मैलोन् मैल रांगा लागल्या. पार्क तेच, राइड त्याच. मधे बदललं होतं ते फक्त कॅलेंडर.

हे अमेरिकेचं कॅलेंडर आपल्यापेक्षा जरा वेगळं चालतं. महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी म्हटली की थोड्याफार फरकाने सगळ्या राज्याला ती एकदम मिळते. अमेरिकेत १३ हजारांहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक मंडळं, आहेत आणि आपापलं वेळापत्रक बहुतांशी तीच ठरवतात. त्यामुळे वर्षभर सुट्ट्या विखुरलेल्या राहतात. फेब्रुवारीत मार्डी ग्रासच्या सणाला लुइझियानाची मुलं मोकळी असतात, नोव्हेंबरात न्यू जर्सीची. प्रत्येक वेळी एक छोटी लाट येते आणि विरते. ही सगळी १३ हजार वेळापत्रकं एकत्र येतात ती वर्षात मोजक्याच वेळी. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणारं थँक्सगिव्हिंग ही एक वेळ, आणि नाताळ ते नववर्ष ही त्याहून मोठी.

या दोन लाटांच्या मधे एक खोलगट भाग आहे. थँक्सगिव्हिंगचा रविवार सरला की लोक घरी परततात. मुलांच्या परीक्षा, ऑफिसातली वर्षअखेरीची कामं, नुकताच झालेला प्रवासखर्च आणि तीन आठवड्यांवर आलेला नाताळ. त्या दिवसांत कोण पुन्हा विमानात बसणार? आणि गंमत अशी की डिस्नेची नाताळची सजावट नोव्हेंबरातच उभी राहिलेली असते. झाड, दिवे, मिरवणूक, एपकॉटमधलं नाताळगीतांचं समूहगायन, सगळं तयार. बघायला माणसं तेवढी कमी. म्हणून डिसेंबरचे पहिले दोन आठवडे हे वर्षानुवर्षं जाणत्या लोकांचे लाडके दिवस राहिले आहेत.

वीस तारखेच्या आसपास चढ सुरू होतो. पण सगळ्यात मोठी गर्दी पंचवीसला होते, असं वाटत असेल तर ते पूर्ण खरं नाही. पंचवीसला गर्दी असतेच, तरी अनेक कुटुंबं नाताळची सकाळ घरीच घालवतात. झाडाखालची भेट उघडायची, आजी-आजोबांबरोबर जेवायचं आणि सव्वीसला निघायचं. म्हणून सव्वीस ते एकतीस हे दिवस शिखराचे. नाताळ कोणत्या वारी येतो यावरही बरंच ठरतं. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता. बऱ्याच शाळा आदल्या आठवड्यात जवळपास शेवटपर्यंत चालू राहिल्या आणि सुट्टीचा मोठा भाग नाताळनंतर गेला. २०२५ मध्ये तो गुरुवारी आला, त्यामुळे अनेक ठिकाणी सोमवार २२ डिसेंबरपासून शुक्रवार २ जानेवारीपर्यंत सलग दोन आठवडे शाळा बंद. कागदावर दोन्ही वर्षी नाताळची सुट्टीच, पण २२ डिसेंबरची दुपार दोन्ही वर्षी सारखी नव्हे.

यात भर पडते ती हवेची आणि दूरच्या पाहुण्यांची. उत्तरेकडे बर्फ पडत असताना फ्लोरिडात हलक्या स्वेटरवर भागतं. ब्राझीलमध्ये तेव्हा शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागलेली असते, आणि तिथून एकसारखे टी-शर्ट घातलेल्या मुलांचे मोठे गट जानेवारीपर्यंत येत राहतात.

आता रांगेकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. लोक दहा-वीस टक्क्यांनी वाढले तर रांगही दहा-वीस टक्क्यांनी वाढायला हवी, असं आपलं मन सांगतं. प्रत्यक्षात ती दुप्पट-तिप्पट होते. का?

समजा एका राइडमध्ये तासाला १,००० लोक बसू शकतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. साध्या दिवशी तासाला ९५० लोक येतात. थोडं पुढेमागे होतं, पण राइड सगळ्यांना पोटात घेते आणि रांग दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जात नाही. आता सुट्टीच्या दिवशी तासाला १,१०० लोक यायला लागले. वाढ सोळा टक्क्यांच्याही आत. पण दर तासाला १०० माणसं शिल्लक राहतात आणि ती कुठे जात नाहीत, रांगेतच उभी असतात. सकाळी नऊला सुरू झालेली ही शिल्लक संध्याकाळी सहाला ९०० वर पोचते. तासाला हजार या वेगाने ९०० माणसं पुढे सरकायला ५४ मिनिटं लागतात. बादलीत नळ किती जोरात सोडलाय यापेक्षा तो तळाच्या भोकापेक्षा थोडा जास्त आहे की थोडा कमी, यावर बादली भरणार की नाही हे ठरतं. फरक लहान असला तरी तो दिवसभर साचत राहतो.

जॉन लिटल या संशोधकाने १९६१ मध्ये यामागचा एक साधा नियम सिद्ध करून दाखवला. रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. बँकेपासून टोलनाक्यापर्यंत आणि दर्शनबारीपासून डिस्नेपर्यंत तो सगळीकडे चालतो. पार्कमध्ये उभं राहून तुम्हीही वापरू शकता: तुमच्या पुढे अंदाजे किती माणसं आहेत ते बघा, मिनिटाला किती आत जातायत ते मोजा, भागाकार करा.

मग रांग वाढतच का जात नाही? माणसं परत फिरतात म्हणून. फलकावर ९० मिनिटं दिसली की काही जण जेवायला जातात, काही दुकानात शिरतात, काही सावलीत बसतात. लोकांच्या संयमाची मर्यादा हीच रांगेची मर्यादा. नाताळच्या आठवड्यात मात्र ही मर्यादाही वर सरकते. आयुष्यात एकदाच आलेलं, हजारो डॉलर खर्च केलेलं कुटुंब दोन तासही थांबतं. वर्षातून चार वेळा येणारा फ्लोरिडाकर अर्ध्या तासाला नाक मुरडतो. आलेली माणसं किती हे जसं महत्त्वाचं, तसंच ती कोण हेही.

राइडची क्षमता हा या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते त्याकडे लोकांचं फार कमी लक्ष जातं. मॅजिक किंगडममधल्या हॉन्टेड मॅन्शनमध्ये बसायच्या खुर्च्या एका न थांबणाऱ्या साखळीवर फिरत असतात. लोक चालत्या पट्ट्यावरून चढतात, उतरतात, साखळी चालूच. म्हणून ती प्रचंड लोक गिळते. त्याच पार्कमधली पीटर पॅन्स फ्लाइट ही १९७१ ची छोटी राइड तिच्या निम्म्यालाही पोचत नाही, आणि छोट्या मुलांची लाडकी असल्याने तिच्यासमोर बारा महिने रांग असते. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मॅजिक किंगडमपेक्षा लोक कमी येतात, तरी तिथे जास्त ताटकळावं लागल्यासारखं वाटतं, कारण तिथे राइडच कमी आहेत आणि त्यातल्या दोन-तीनच सगळ्यांना हव्या असतात. एपकॉटमध्ये उलट. तळ्याभोवतीचा रुंद रस्ता आणि त्यावरचे वेगवेगळ्या देशांचे मंडप हजारो माणसं सामावून घेतात आणि तरी हातपाय मोकळे राहतात.

पैसे देऊन घेतलेल्या जलद रांगेचा परिणामही याच हिशेबात बसतो. १९९९ मध्ये जलद रांगेचा पास 'फास्टपास' या नावाने आला तेव्हा तो फुकट होता. २०२१ पासून जीनी प्लस आणि २०२४ पासून लायटनिंग लेन मल्टी पास या नावांनी त्याचे पैसे पडतात. तासाला १,००० बसवणाऱ्या राइडमधल्या ६०० जागा जलद रांगेला गेल्या तर साध्या रांगेला उरल्या ४००. आता पुढे चारशेच माणसं असली तरी तासभर उभं राहायचं. रांग लांबीला छोटी दिसते, सरकत मात्र नाही. नाताळात असे पास घेणारे वाढतात, म्हणून साध्या रांगेतल्या माणसाला गर्दी दुहेरी लागते. ही व्यवस्था मला पटत नाही. पोरांना घेऊन उन्हात उभ्या असलेल्या आईबापांच्या वेळेची किंमत त्यांच्या खिशावरून ठरू नये.

पार्कवाले हातावर हात ठेवून बसलेले नसतात. नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडम भल्या सकाळी उघडून मध्यरात्रीपर्यंत किंवा त्याहीपुढे चालू ठेवतात. जास्त कर्मचारी, प्रत्येक राइडवर जास्तीत जास्त गाड्या. उलट शांत दिवसांत वेळ कमी, काही राइडवर गाड्या कमी, काही राइड दुरुस्तीसाठी पूर्ण बंद. म्हणून शांत दिवशी माणसं निम्मी दिसली तरी रांग निम्मी होईलच असं नाही. बादलीचं भोकही लहान केलेलं असतं.

किंमत हे त्यांचं दुसरं हत्यार. २०१६ पर्यंत मंगळवारचं तिकीट आणि नाताळचं तिकीट एकाच भावाचं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत एका दिवसाच्या तिकिटांचे तीन भाव आले, २०१८ मध्ये अनेक दिवसांच्या तिकिटांचे दरही तारखेवर ठरू लागले आणि डिसेंबर २०२२ पासून पार्कनुसारही दर वेगळे झाले. तेव्हा मॅजिक किंगडमचं एक दिवसाचं तिकीट १२४ डॉलरपासून सुरू होऊन नाताळात १८९ डॉलरवर गेलं. वार्षिक पासांपैकी स्वस्तातल्या पासांना या दिवसांत प्रवेशच नसतो. म्हणजे स्थानिक फ्लोरिडाकरांना बाजूला ठेवून जागा बाहेरगावच्यांसाठी मोकळी करायची. तरीही पार्क भरला तर पूर्वापार टप्प्याटप्प्याने दार बंद करत आले आहेत. आधी नव्याने तिकीट काढणारे थांबवायचे, डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना शेवटपर्यंत आत घ्यायचं. मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली युक्ती आतषबाजीची आहे. ३१ डिसेंबरची खास आतषबाजी मॅजिक किंगडममध्ये ३० तारखेलाही करतात. एका रात्रीची गर्दी दोन रात्रींत वाटली गेली, कोणावर सक्ती न करता.

आणि आता ती गोष्ट, जी कळल्यावर ताईने फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून नाताळच्या थोडं आधीपर्यंत मॅजिक किंगडममध्ये काही ठरावीक संध्याकाळी नाताळची पार्टी असते. तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी नेहमीच्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाहेर पडावं लागतं. पार्टी म्हणजे गर्दी, असं वाटून कोणी ती तारीख टाळेल. पण दिवसभराचं तिकीट काढणारा म्हणतो, सहाला बाहेर काढणार, आतषबाजी बघायला मिळणार नाही, मग आजचा दिवस इथे कशाला? तो एपकॉटला जातो. आणि पार्टीचं तिकीट असलेल्यांना चारनंतर आत सोडतात. त्यामुळे पार्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मॅजिक किंगडम त्या आठवड्यातलं सगळ्यात मोकळं असतं. पार्टी नसलेल्या दिवशी मात्र आतषबाजीच्या आशेने सगळे तिथेच लोटतात.

मग सगळ्यांनी पार्टीच्याच दिवशी जावं, असं कोणी सुचवलं तर? तर तो दिवस मोकळा राहणार नाही. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये हेच कोडं मांडलं. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे गावात एल फॅरोल नावाचा बार आहे. तेव्हा दर गुरुवारी तिथे संगीत असायचं. शंभर जणांना जायचंय, पण साठाहून जास्त आले की मजा जाते. प्रत्येकाने 'आज गर्दी नसेल' असा अंदाज केला तर सगळे येतात आणि अंदाज खोटा ठरतो. 'आज गर्दी असेल' म्हटलं तर कोणीच येत नाही आणि तोही खोटा ठरतो. सगळ्यांचा अंदाज एकच असेल तर तो बरोबर असू शकत नाही.

हे फक्त कागदावरचं नाही. मे २०१९ च्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये स्टार वॉर्सचा नवा विभाग उघडला. अभूतपूर्व गर्दी होणार म्हणून सगळीकडे बोलबाला झाला, बऱ्याच पासांना बंदी आली, सुरुवातीला आरक्षणाशिवाय त्या विभागात प्रवेश नव्हता. लोकांनी विचार केला, एवढ्या गर्दीत कोण जाईल? त्या तिमाहीत अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांची उपस्थिती ३ टक्क्यांनी घटली. गर्दीच्या भीतीने लोक लांब राहिले, हे कंपनीच्या प्रमुखांनीही मान्य केलं. डिसेंबरचा पहिला पंधरवडाही असाच बदलत चाललाय. तो शांत असतो हे आता प्रत्येक वेबसाइट सांगते, त्यामुळे तो पूर्वीइतका शांत राहिलेला नाही.

नववर्षानंतरचा उतार एका रात्रीत येत नाही. पहिले दोन-तीन दिवस नाताळचीच शेपटी असते. मग जानेवारीतली डिस्ने वर्ल्ड मॅरेथॉन, जी १९९४ पासून भरते. धावायला आलेले हजारो लोक आपल्या घरच्यांना घेऊन येतात. मग तिसऱ्या सोमवारची मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी, म्हणजे पुन्हा एक जोडून शनिवार-रविवार. तो सोमवार उलटला की खरी ओहोटी. त्याच दिवसांत राइडना रंग देतात, रुळांची डागडुजी करतात.

ताईने 'जर्सी वीक' सोडला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांची तीन दिवस शाळा बुडवून, मुद्दाम पार्टी असलेल्या दिवशी ती मॅजिक किंगडमला गेली. दुपारपर्यंत मुलांच्या मनासारख्या सगळ्या राइड झाल्या, धाकटीची पीटर पॅन तर दोनदा. सहा वाजता ते बाहेर पडले, बोटीने तळ्याच्या पलीकडे गेले आणि घरून आणलेले मेथीचे ठेपले खात काठावर बसून राहिले. रात्री मॅजिक किंगडममधल्या सिंड्रेलाच्या वाड्यामागून आतषबाजी उडाली तेव्हा तिने मला फोन लावला आणि बोलली काहीच नाही, नुसता आवाज ऐकवला.